शटलमधले धारप

साल 1981, आषाढ. विरारहून डहाणूकडे निघालेल्या शटलच्या दाराशी तुम्ही उभे आहात. डब्यात ओल्या छत्र्या आणि सुक्या बोंबलांचा वास. सातपाटीच्या कोळणींनी रिकाम्या पाट्या बाकाखाली सारल्यात. खिडकीशी एकजण वाचतोय. पुस्तकाला खाकी कव्हर, नाव दिसत नाही. पण त्याने दोन्ही पाय वर ओढून घेतलेत, त्यावरून तुम्ही ओळखता. नारायण धारपांची भयकथा!

वैतरणेचा पूल येतो. खाली भरतीचं गढूळ पाणी, रुळांच्या कडेने वाढीव बेटाची माणसं पावसात घरी चाललेली. वाचणारा मान वर करत नाही.

तुम्ही शेजारी टेकता. तो तारापूरच्या अणुवीज केंद्रात रात्रपाळीला निघालाय. 1969 पासून तिथे वीज तयार होते. तिथला माणूस छातीला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज लावून आत जातो, कारण जे घातक आहे ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. ते मोजायचं असतं, नियम पाळून आवरायचं असतं. म्हणून धारपांच्या कथांमधले समर्थ त्याला इतके खरे वाटतात. अदृश्य दुष्ट शक्तीपुढे तेही अभ्यास आणि एकाग्र मन घेऊनच उभे राहतात. धारप स्वतः विज्ञानाचे पदवीधर. त्यांच्या भयालाही कार्यकारणभाव असतो. अशा लेखकावर जीव जडतो तो कायमचा.

सफाळे गेल्यावर समोरची कोळीण विचारते, “मंग त्या पोरीचा काय झाला?”

म्हणजे हा रोज गोष्ट सांगतो तर! पुस्तक मिटून, बोट खुणेला ठेवून तो सुरू होतो. केळवे रोड येतं, जातं. बायका पुढे सरकून ऐकतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 2008 मध्ये धारप जातील. पण 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एक मित्र राही अनिल बर्वेंना अशीच तोंडी धारपांची गोष्ट सांगेल आणि 2018 मध्ये तिच्यातून त्यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर येईल. हे त्याला सांगावंसं फार वाटतं.

पालघरला पाट्या उतरतात. “शेवट उद्या,” तो बजावतो.

“मला मिळेल का हे पुस्तक?” तुम्ही विचारता.

“बोईसरच्या वाचनालयात तिघं आधीच थांबलेत.” तो तुमच्याकडे नीट बघतो, खिशातून पेन काढतो. “नाव सांगा, चौथे तुम्ही.”