कोर्टाची पायरी चढलेली माणसे

नेरळ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे माथेरानची छोटी गाडी उभी राहते. १९०७ साली सुरू झालेल्या त्या गाडीचा आम्हां नेरळकरांना अभिमान आहेच. पण खरे ऋण म्हणाल तर ते मोठ्या गाडीचे. दुखणे हाताबाहेर गेले की तीच गाडी आमच्या माणसांना कर्जतला, कल्याणला, नाहीतर थेट मुंबईला घेऊन जाते. फलाटावर उभ्या असलेल्या अशा मंडळींच्या हाती एक पिशवी असते. तीत औषधाच्या चिठ्ठ्या आणि क्ष-किरणांचे फोटो असतात. ज्या डॉक्टरांकडे जावयाचे त्यांचा चेहराही कित्येकांनी पाहिलेला नसतो. तरीसुद्धा घरचे माणूस त्यांच्या हाती सोपवावयाचे असते. ह्यावाचून दुसरा मार्गच नाही, आणि शंभरांतील बहुतेकांच्या बाबतीत हा विश्वास सार्थही ठरतो.

पण जेथे तो ठरत नाही तेथे काय? आपल्याकडे ह्याचे उत्तर तयार असते. 'नशीब' हा एक शब्द आणि 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही एक म्हण, एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटतात. म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ती न मानणारी काही माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली, आणि त्यांनी मिळविलेले आज आपण सारे न कळत उपभोगीत आहोत. त्यांची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्यासारखी गोड नाही खरी. पण घराघरांत ठाऊक असावी अशी आहे.

वैद्याच्या हयगयीचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याबद्दल स्पष्ट नियम आहे. जिवावर बेतणारा रोग असूनही तसे न कळविता वैद्याने उपचार केले आणि रोगी दगावला, तर त्याला खालच्या प्रतीचा दंड. उपचारातील चुकीमुळे दगावला, तर मधल्या प्रतीचा. याज्ञवल्क्य स्मृतीतही खोटे उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगितला आहे, आणि रोगी राजाचा माणूस असेल तर तो वाढतो! पण हे सारे दंड राजाचे. रोग्याच्या मरणाबद्दल वैद्याला दंड झाला, तरी रोग्याच्या मागे राहिलेल्या बायकापोरांच्या चुलीवर त्यातून काही शिजत नसे. शिक्षा आणि भरपाई ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा रस्ता आपल्याकडे पुष्कळ उशिरा खुला झाला.

गंमत अशी की, तो रस्ता आणि आमचा लोहमार्ग जवळजवळ एकाच वेळी आले. इंग्लंडात जुना कायदा मोठा विचित्र होता. एखाद्याच्या चुकीने माणूस जखमी झाला तर तो भरपाई मागू शके; मेला तर त्याच्या मागे राहिलेल्यांना काहीच मागता येत नसे. आगगाड्या आल्या, अपघातांत माणसे मरू लागली, तेव्हा १८४६ साली तेथील पार्लमेंटने हा नियम बदलला. तसाच कायदा हिंदुस्थानात १८५५ साली झाला. मृताचे पती वा पत्नी, आईबाप आणि मुले ह्यांच्यासाठी दावा लावता येईल असे त्याने ठरविले. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, कल्याणहून निघालेले रूळ नेरळवरून पळसदरीपर्यंत पोचले. कायदा मात्र डॉक्टरांच्या दारापर्यंत यावयाला आणखी शंभर वर्षे लागली.

ता. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसएक वर्षांचा एक मुलगा पडला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. घर दीड मैल दूर. खाट आणून त्याला घरी नेले. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. टॅक्सी रात्री एकच्या सुमारास निघाली. आई बरोबर होती. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी दुपारी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यास पोचली. वडील स्वतः डॉक्टर. दौंडला त्यांचा व्यवसाय. तेही पुण्यास आले होते. दुपारी मुलाला एका शल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल केले. मॉर्फियाचे एक इंजेक्शन दिले, फोटो काढले, पाय प्लास्टरमध्ये घातला. संध्याकाळी सातपर्यंत मुलगा औषधाच्या अमलातून बाहेर येईल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षात आले की, मुलाला श्वास घेणे जड जात आहे. रात्री नऊ वाजता तो गेला.

आईवडिलांनी दावा लावला. भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असे त्यांचे म्हणणे. आपण हाड बसविलेच नाही, पाय केवळ स्थिर केला, आणि मृत्यू रक्तात चरबी मिसळल्याने झाला, असे डॉक्टरांचे म्हणणे. खालच्या कोर्टाने आईवडिलांचे म्हणणे मानले, हायकोर्टाने मानले, आणि २ मे १९६८ रोजी सुप्रीम कोर्टानेही मानले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले ह्या नावाने तो निवाडा कायद्याच्या पुस्तकांत आहे. पंधरा वर्षांनी पदरात पडलेली भरपाई होती रुपये ३,०००.

वाचकहो, तीन हजारांकडे पाहून निराश होऊ नका. त्या निवाड्याने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी घ्यावी, कोणते उपचार द्यावेत हे ठरविताना घ्यावी, आणि ते उपचार देताना घ्यावी. देशभरच्या कोर्टांत आजही हीच मोजपट्टी लावतात. एका मुलाच्या मरणाचा दावा पुढे येणाऱ्या प्रत्येक रोग्याचा आधार झाला.

दुसरी हकीकत औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. त्यानंतर तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोटात असह्य कळा येऊ लागल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. त्याच महिन्यात ती बाई गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. हायकोर्टाने ते काढून घेतले. चूक नेमक्या कोणत्या डॉक्टरची हे सिद्ध होत नाही, आणि सरकारी रुग्णालयातील चुकीला सरकार बांधील नाही, असा तेथील हिशेब. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने हा हिशेब पुसून टाकला. पोटात टॉवेल राहिला ही गोष्टच हलगर्जीपणा सांगते. आणि रुग्णालय चालविणे म्हणजे काही लढाई किंवा राज्यकारभार नव्हे, की सरकारने जबाबदारी झटकावी. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निवाडा. ३६,००० रुपये परत मंजूर झाले, पण तोवर तेहतीस दिवाळ्या उलटून गेल्या होत्या. आईविना वाढलेले बाळ एव्हाना बत्तीस वर्षांचे झाले असते.

पंधरा वर्षे आणि तेहतीस वर्षे! म्हण ज्याने रचली त्याला हे आकडे आधीच ठाऊक असावेत. म्हणूनच १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाचा. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही ह्यावर मोठा वाद झाला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने ती येते असा निर्णय दिला. जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. पण जेथे काहींकडून पैसे घेतात व काहींना फुकट तपासतात, तेथील फुकट तपासलेल्या गरिबालाही दाद मागता येते. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली. आम्हां नेरळकरांना त्यासाठी अलिबाग गाठावे लागते. घाटमाथ्याच्या कुशीतून समुद्रकाठी जावयाचे, पण दिल्लीपेक्षा ते जवळ! मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद. रुग्णाने वा नातेवाइकांनी मागितल्यावर डॉक्टरांनी उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. वर जी पिशवी सांगितली ती म्हणूनच फेकू नये.

आता डॉक्टरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रोगी गेला म्हणजे डॉक्टर चुकला, असे कोणत्याही कोर्टाने म्हटलेले नाही. सामान्य कुशल डॉक्टराने जी काळजी घेतली असती ती घेतली की नाही, एवढेच पाहतात. २००५ साली सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट बजावले की, डॉक्टरांवर फौजदारी खटला भरावयाचा तर हयगय ढोबळच असली पाहिजे, आणि आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे मत घेतले पाहिजे. ते योग्यच आहे. भीतीने हात थरथरणारा डॉक्टर रोग्याच्या काय कामाचा? रुग्णालयाच्या काचा फोडून, डॉक्टरांवर हात टाकून कोणाचेच माणूस परत आलेले नाही. पालशेतच्या त्या बापाने हात उचलला नाही. स्वतः डॉक्टर असून त्याने दुसऱ्या डॉक्टराविरुद्ध दावा लावला, आणि सुप्रीम कोर्टापर्यंत तो टिकवला.

माणसाचे मोल रुपयांत होत नाही, हे कोर्टालाही कळते. भरपाई म्हणजे त्या मोलाची पावती नव्हे. अमुक ठिकाणी अमुक चूक झाली, ती नशिबाची नव्हे तर माणसाची होती, आणि जिच्या मुलाचा श्वास अडला ती आई खोटे बोलत नव्हती, एवढे चारचौघांत लिहून मिळणे म्हणजे भरपाई. ते लिहून घेण्यासाठी कोणीतरी पायरी चढावी लागते. शहाण्यांनी ती चढू नये हे खरेच. पण ज्यांनी ती चढून ठेवली, त्यांची आठवण शहाण्यांनी अवश्य ठेवावी.