माशिको वाडगे

जपानमधील तोचिगी प्रांतातल्या माशिको गावी चाकावर घडवून, झिलई चढवून भाजलेले रोजच्या जेवणाचे वाडगे. येथील कुंभारकाम १८५३ च्या सुमारास सुरू झाले आणि पुढे पाण्याचे रांजण, चहाच्या किटल्या अशा स्वयंपाकघरातील भांड्यांवर पोसले गेले. या वाडग्याचे रूप सजावटीच्या हौसेतून नव्हे, वापरातून घडले. जपानी माणूस भाताचा वाडगा हातात उचलून जेवतो. अंगठा काठावर आणि बोटे बुडाच्या कड्याखाली. म्हणून ते कडे बोटांना आधार देईल इतके उंच असते. माती भरड, त्यामुळे भिंत जाड. गरम भात असूनही हात पोळत नाही. तांबूस-तपकिरी झिलई स्थानिक दगड कुटून होते, तर दुधाळ पांढरी भाताच्या तुसाच्या राखेपासून.

कारखान्यातील पोर्सेलिन हलके, स्वस्त आणि टणक असते, हा आक्षेप खराच आहे. पण त्या गुळगुळीत एकसारखेपणात बोटांना काही सापडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : १९२४ मध्ये इंग्लंडहून परतून येथे आलेल्या कुंभार हामादा शोजी यांची भांडी संग्रहालयांत गेली, मग ‘लोककला’ कुठे उरली? हामादा स्वतः भांड्यांवर सही करत नसत, १९५५ मध्ये शासनाने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवल्यानंतरही नाही. किंमत ग्राहकांनी वाढवली. घडण मात्र जेवणाऱ्याच्या हातासाठीच राहिली. वाडगा उलटा केला की बिनझिलईचे कडे दिसते, आणि त्यावर उघडी, खरखरीत माशिकोची माती.