शाळेत मारले तर दाद कुठे मागायची?

छडी मारणे, अंगठे धरायला लावणे, वर्गात ‘ढ’ म्हणून हिणवणे, यातले काहीच आता शाळेत चालत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. ती मोडणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सीमाभागात घरी मराठी बोलणारे मूल कन्नड शाळेत गप्प बसले, तर तो उद्धटपणा नव्हे. भाषा अंगवळणी पडायला वेळ लागतो. पालकांनी आधी मुख्याध्यापकांना भेटावे. तिथे भागले नाही, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. तो पटला नाही, तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील करता येते.