जालना मुलखातील ब्रेकची हकीकत

उत्तरेकडील अजिंठ्याच्या रांगा वजा केल्या, तर जालना जिल्ह्याचा बराचसा मुलूख काळ्या मातीचा आणि मंद चढउतारांचा असल्यामुळे, घाटावरच्या गाडीवानाला उताराची जी धास्ती असे ती येथील गाडीवानाला सहसा ठाऊक नव्हती. कासरा ओढावा, बैलांनी पाय रोवावेत आणि जुवावर आलेले ओझे त्यांनीच पेलून धरावे, एवढीच येथील गाडी थांबविण्याची परंपरागत रीत होती. म्हणजे ब्रेक हा गाडीचा अवयव नसून बैलांच्या मानेचा गुण होता. वाहन थांबविणे हा प्रश्न या प्रदेशात निर्माण केला तो वेगाने, आणि वेग येथे टप्प्याटप्प्याने व निरनिराळ्या अंमलांखाली आला.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या इलाख्यातून मनमाड ते सिकंदराबाद अशी गोदावरी खोऱ्याची अरुंद मीटरगेज रेल्वे धावू लागली व जालन्याची कापसाची पेठ तिला जोडली गेली. डब्याच्या चाकाच्या धावेवर बिडाचा ठोकळा दाबून गती आवरण्याची ही युक्ती सामान्य प्रवाशाने स्टेशनात कर्कश आवाजाच्या रूपानेच अनुभवली. पुढे जून 1932 मध्ये निजाम सरकारने रेल्वेच्याच देखरेखीखाली 27 बसगाड्यांनिशी रस्तावाहतुकीचे खाते काढले, तेव्हा ड्रमचा ब्रेक या भागातील सरकारी दप्तरांत आणि मिस्त्रींच्या बोलण्यात शिरला. फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतून लायनर चढविलेल्या दोन कमानी बाहेर रेटावयाच्या, हे त्याचे सारे तत्त्व. ड्रम खरवडला किंवा लंबगोल झाला की लेथवर चढवून आतून साफ करून घ्यावयाचा. आणि आधी जिनिंग-प्रेसिंगचे, नंतर पोलादाच्या रोलिंग मिलांचे कारखाने उभे राहिलेल्या गावात लेथचे दुकान शोधीत हिंडण्याची पाळी कोणावर आली असेल असे वाटत नाही. ‘टर्निंग मारून घ्या’ हा सल्ला येथे दस्तूरच होऊन बसला.

या दस्तुराने पुढे घोटाळा केला, असे माझे मत आहे. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्रज अभियंता लँचेस्टर याने 1902 मध्येच घेतले होते. तरी 1953 साली ल मान्सची शर्यत जग्वारने त्याच्या बळावर जिंकेपर्यंत जगाने त्याची पुरती दखल घेतली नाही. आपल्याकडे 1994 ची टाटा सुमो, 2000 ची बोलेरो, 2002 ची स्कॉर्पिओ अशा थोराड गाड्या आल्या आणि पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी रूढ झाली. टर्निंगचे जे औषध जाड ड्रमला, तेच डिस्कच्या पातळ चकतीला देण्यात येऊ लागले.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, आणि जालन्याहून सुटलेली गाडी ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत कायद्यानेच नेता येऊ लागली. वेग दुप्पट झाला की ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून गावातल्या रहदारीत जी खोड कधी जाणवलीच नव्हती, ती तेथे हाताला कळते. ‘ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं’ ही तक्रार बहुधा पुढच्या डिस्कची. हादरा आसनातून आला, तर संशय मागच्या ड्रमवर. आणि ब्रेक न दाबताही थरथर होत असेल, तर ब्रेकला बोल न लावता चाकांचे बॅलन्सिंग आधी पाहावे.

‘डिस्क वाकली’ असा निकाल मिस्त्री चटकन देतो, पण लोखंडाचे वाकणे हे कारण क्वचितच असते. हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली, किंवा पान्यावर पाय देऊन चाकाचे नट वेडेवाकडे आवळले, म्हणजे चकती केसभर तिरकी बसते. प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला चाटून जातो आणि काही हजार किलोमीटरांत तिच्या जाडीत दीड-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्याला न दिसणारा हा फरक पायाला मात्र कळतो. डायल गेज लावून चकती हाताने सावकाश फिरविली, की काटा किती सरकतो ते दिसते. पाच ते दहा शतांशांपलीकडे तो गेला, तर हब तारेच्या ब्रशने चकचकीत करून चकती पुन्हा बसवावी व मगच निकाल द्यावा. ही तसदी घेणारे गॅरेज विरळा.

चकतीच्या कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेथवरून उतरल्यावर ती त्या आकड्याच्या खाली जाणार असेल, तर टर्निंगचे पैसे वायाच. पातळ चकती लवकर तापते आणि तीच थरथर घेऊन गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते. नवी घ्यावयाची, तर जोडीनेच घ्यावी, पॅडही नवेच टाकावेत, आणि गाडीचे केवळ नाव न सांगता मॉडेलचे वर्ष व सुट्या भागाचा क्रमांक सांगून मागावी, कारण एकाच नावाच्या गाडीत चकतीचा व्यास बदललेला असतो. दुकानदार पुढे करतो त्या स्वस्त नकलेचे वजन हातात घेऊन पाहणारा चोखंदळ गिऱ्हाईकही जालन्यात आढळतो. लोखंडाच्या पेठेत वाढलेल्या माणसाची ती सवयच. नवे पॅड बसल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर हळूहळू दाबून ब्रेक बसू द्यावा लागतो, हे मात्र त्यालाही सांगावे लागते. उतरविलेल्या चकत्या किलोच्या भावाने भंगारात जातात, आणि भंगार वितळवूनच पोलादाच्या भट्ट्या चालणाऱ्या या गावात त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.