अक्षर गळाले, आघात राहिला

स्पॅनिश भाषेत 'कान्तो' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात दिला तर अर्थ होतो 'मी गातो'. तोच आघात दुसऱ्या अक्षरावर दिला तर 'तो गायला'. एवढ्याशा फरकाने कर्ताही बदलतो आणि काळही. मराठीत आघातामुळे सहसा असा अर्थभेद होत नाही. म्हणून आपल्याला याचे नवल वाटते.

याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'मी गातो' यासाठी लॅटिन शब्दही 'कान्तो' असाच, आघात पहिल्या अक्षरावर. 'तो गायला' यासाठी मात्र 'कान्तावित्' हा तीन अक्षरांचा शब्द होता. आघात मधल्या 'ता'वर. लोकांच्या मुखी तो झिजून 'कान्ताउत्' झाला, 'आउ'चा 'ओ' झाला, अंत्य तकार गळाला. अक्षर गेले, आघाताने मात्र जागा सोडली नाही. म्हणूनच तो आता शब्दाच्या शेवटी ऐकू येतो.

क्वचित आघातही सरकला. 'आम्ही गात होतो' या अर्थाच्या लॅटिन 'कान्ताबामुस' मध्ये तो 'बा'वर होता. स्पॅनिश 'कान्ताबामोस' मध्ये तो 'ता'वर आला; कारण 'कान्ताबा' या एकवचनी रूपात तो तेथेच होता. बहुवचनाने एकवचनाचे अनुकरण केले.

१४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहा यांनी राणी इसाबेलला अर्पण केलेल्या कास्तिलियन व्याकरणाचा दुसरा भाग आघात व अक्षर यांनाच वाहिलेला आहे. पुढे १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने आघातचिन्हांचे नियम हळूहळू घडविले.

तरीही वाद संपले नाहीत. 'मी पळालो' या अर्थाचे 'उइ' हे क्रियापद स्पेनमध्ये अनेकजण दोन अक्षरांत उच्चारतात, तर मेक्सिकोत ते एकाच अक्षरात उच्चारले जाते. दोन अक्षरे मानणाऱ्यांना आघातचिन्ह हवेसे वाटे. १९९९ च्या नियमांनी तशी मुभाही दिली होती. २०१० साली मात्र सर्वांसाठी चिन्हाविना एकच लेखन ठरले. कोणाच्याही उच्चारावर बंदी घातली गेली नाही. लेखन तेवढे एक झाले.

अनेक देशांत पसरलेल्या भाषेला असाच मार्ग पत्करावा लागतो: कागदावर ऐक्य राखायचे आणि जिभेला आपल्या गावाशी इमान राखू द्यायचे.