आरोपपत्र नसलेला कैदी

मागच्या व्याख्यानात आपण हैदराबाद संस्थानातल्या सत्याग्रहापाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

ऑक्टोबर १९३८. स्टेट काँग्रेसवर बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला, त्यांना अटक झाली आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात आपल्या शहरात, इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात, मुलं वंदे मातरम् म्हणण्यावर अडून बसली. ते लोण उस्मानिया विद्यापीठात गेलं. शेकडो मुलांची नावं कमी झाली, त्यांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. हैदराबादच्या तुरुंगात रामचंद्रराव प्रत्येक फटक्याला वंदे मातरम् म्हणत राहिले. पुढे तेच त्यांचं आडनाव झालं. निजामी राजवट जुलमी होती, यात वादच नाही. रझाकारांचं १९४७-४८ हे वर्ष तर त्याहून भीषण. पण एक बारीक गोष्ट बघा. १९३८ च्या त्या सत्याग्रहींना आपण काय केलं म्हणून आत आलो हे माहीत होतं, आणि सुटकेचे दिवस भिंतीवर मोजता येत होते.

आता या १९७५ मध्ये. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हे मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. त्यांना आणीबाणीत तुरुंगात जावं लागलं, तेही स्वतंत्र भारताच्या! मिसाखालच्या हुकमाला खटला लागत नव्हता. जून १९७५ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि अटकेची कारणं सांगण्याचं बंधनही गेलं. चौकशी, उलटतपासणी, निकाल, काहीच नाही. घरच्यांनी 'कधी सुटणार?' विचारलं तर जेलरकडेही उत्तर नसे. देशभर सुमारे ३५ हजार माणसं अशी आत होती.

जिथे चौकशी झाली, तिथे ती कशी झाली? जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते. १९७६ च्या मे महिन्यात पोलिसांनी बंगळुरात त्यांचे भाऊ लॉरेन्स यांना उचललं आणि 'जॉर्ज कुठे आहे?' म्हणत बेदम मारलं.

मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं, की आम्ही निदान हुकूम कायद्याला धरून आहे का ते तपासू. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तेही दार लावलं. सुनावणीत न्या. खन्नांनी विचारलं होतं, की पोलिसानं वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर? ॲटर्नी जनरल नीरेन डे यांचं उत्तर असं, की आणीबाणी असेपर्यंत दाद नाही. विरोधी मत देणारे एकटे खन्नाच. त्यांचं सरन्यायाधीशपद त्यात गेलं.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असं केलं. हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच दुरुस्तीत दुसरंही एक कलम होतं: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणायची. संसदेनं ते मंजूर केलं. लागू करण्याची अधिसूचना मात्र कुठल्याच सरकारनं काढली नाही. आणि 'एमपीडीएखाली हर्सूलमध्ये स्थानबद्ध' ही बातमी आपण आजही चहा पिता पिता वाचतो.