पूल पडला, फेरीबोट चालत राहिली

५ जुलै १९८६. भर पावसाळ्यात पणजीजवळचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. अजून विशीही न गाठलेला पूल! आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. मग उत्तर गोव्याच्या बसगाड्या बेतीच्या धक्क्यापर्यंत. तिथून माणसं फेरीबोटीनं पणजीत. कारकून, मासळीवाल्या, शाळकरी पोरं, सगळे एकाच रांगेत. नवा पूल व्हायला १९९०चं दशक उजाडलं.

आमच्या नगरच्या सीनेत फेरीबोट नाही, तरी हा इतिहास मला जवळचा वाटतो. पूल झाले म्हणून गोव्यानं नदी परिवहन खातं मोडीत काढलं नव्हतं. आपण मात्र नवं आलं की जुनं भंगारात देतो. बेतीच्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला आजही तिकीट लागत नाही.